दुःखावरची शॉर्ट फिल्म लिहिताय? रडण्याचे सीन आधी बाजूला ठेवा

स्टुडंट फिल्मसाठी विषय शोधायला बसलं की बरेच जण जवळचं माणूस जाण्यावर येऊन थांबतात, आणि त्यात काही चूक नाही, कारण विशी-बाविशीपर्यंत बहुतेकांनी पाहिलेला पहिला मोठा धक्का तोच असतो, आजी-आजोबा, आईवडील, कधी एखादा मित्र. विषय चांगलाच आहे. पण स्क्रिप्ट उघडली की पहिल्या पानावर भिंतीवरचा फोटो, दुसऱ्यावर पाऊस, तिसऱ्यावर नायिका बाथरूमचा नळ सोडून रडतेय, आणि शेवटी ती खिडकी उघडते, ऊन आत येतं, संपलं. माझी पहिली फिल्म अशीच होती. बाबा जाऊन दीड वर्ष झालं होतं, मला सगळं सांगायचं होतं आणि ते सगळं मी चौदा मिनिटांत कोंबलं. दाखवली तेव्हा लोक गप्प बसले, नंतर येऊन माझा हात हातात घेतला, पण फिल्मबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. त्यांना वाईट वाटलं होतं ते माझ्यासाठी, पडद्यावरच्या मुलासाठी नाही. हा फरक माझ्या लक्षात यायला पुढची दोन वर्षं गेली, आणि तो तुमच्या लक्षात शूटिंगच्या आधी यावा म्हणून हे सगळं लिहितोय.

एका वाक्यात सांगायचं तर, दुःखात असलेल्या माणसाला काय वाटतंय हे लिहू नका, त्याला आज कुठलं काम उरकायचंय ते लिहा. वाटणं कॅमेऱ्याला दिसत नाही, काम दिसतं. आणि माणूस गेल्यावर कामं काही थांबत नाहीत, उलट वाढतात, अकाउंट बंद करा, कपाट रिकामं करा, कोणाकोणाला कळवा, आणि यातलं प्रत्येक काम करताना तो माणूस परत एकदा थोडा थोडा जातो. तुमची फिल्म तिथे आहे.

नक्की काय गेलंय ते आधी शोधा

"तिची आई वारलीय" ही घटना झाली, गोष्ट नाही. वही घ्या आणि त्या माणसाबरोबर काय काय गेलं याची यादी करा, निदान वीस गोष्टी तरी, आणि मोठे शब्द लिहायचे नाहीत, "आधार" नाही, "माया" नाही. पोचलो की ज्याला "पोचलो" असा मेसेज करायचो तो माणूस. फक्त त्यांनाच माहीत असलेला पासवर्ड. त्यांच्या उंचीच्या मापाने लावलेला आरसा, ज्यात आता घरातल्या कोणाचाच चेहरा नीट दिसत नाही. पहिल्या सात-आठ गोष्टी कोणालाही सुचतील अशाच येतात, त्या खोडून टाका, बाराव्या-तेराव्यापासून पुढे तुमच्या स्वतःच्या गोष्टी यायला लागतात.

आणि गेलंय म्हणजे मृत्यूच झाला असला पाहिजे असंही नाही. पॉलीन बॉस नावाच्या अमेरिकन अभ्यासक बाईंनी एका वेगळ्या प्रकारच्या हानीवर आयुष्यभर काम केलं, जिथे माणूस गेलाय की आहे हेच ठरत नाही, म्हणजे बेपत्ता झालेला माणूस, किंवा समोर बसलाय पण आठवण पार पुसली गेलीय असा. केनेथ डोका यांनी १९८९ साली अजून एका दुःखाला नाव दिलं, ज्याला आजूबाजूचे लोक दुःख मानायलाच तयार नसतात: लपवलेलं नातं, घटस्फोटित नवरा, पोटातच गेलेलं बाळ, पाळलेला प्राणी. या दुसऱ्या प्रकारात फिल्मला एक गोष्ट आयती मिळते, कारण पात्राला दुःख आहे आणि ते दाखवायची मुभा नाही, म्हणजे सीनमध्ये ताण आधीपासूनच आहे, तुम्हाला तो बाहेरून आणावा लागत नाही. ऑफिसात सगळ्यांसारखंच काम करत बसलेली बाई, जिच्या पलीकडच्या टेबलावरचा माणूस काल गेला आणि त्यांचं काय नातं होतं हे तिथे कोणालाच माहीत नाही. बघा, अजून काही लिहिलेलं नाही तरी तिचे हात काय करत असतील हा प्रश्न पडतो.

पाच पायऱ्यांचा नाद सोडा

हे जरा सविस्तर सांगतो कारण निम्म्या स्क्रिप्ट्स इथेच फसतात. नकार, राग, घासाघीस, खिन्नता, स्वीकार, या पाच पायऱ्या सगळ्यांना पाठ असतात आणि मग पाच पायऱ्या म्हणून पाच सीन पाडले जातात. एलिझाबेथ क्युबलर-रॉस या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी १९६९ साली त्या मांडल्या हे खरं, पण त्यांनी बोलून घेतलं होतं ते स्वतः मरणाच्या दारात असलेल्या पेशंटशी. मागे राहिलेल्यांना त्या पायऱ्या नंतर लावल्या गेल्या, आणि माणसं त्यातून ओळीने, एकेक पायरी चढत जातात असं संशोधनात काही दिसलेलं नाही.

लिहिणाऱ्याच्या जास्त उपयोगाचं आहे ते मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट यांनी १९९९ मध्ये मांडलेलं. त्यांचं म्हणणं असं की माणूस दोन बाजूंमध्ये झोके घेत असतो. एका बाजूला गेलेल्या माणसाची आठवण, रडणं, फोटो, जुने मेसेज परत परत वाचणं. दुसऱ्या बाजूला जगण्याची नवी कामं, बिल भरायला शिकणं, एकट्याने झोपायची सवय करणं, मधेच एखाद्या फालतू गोष्टीवर खळखळून हसणं. दोन्ही लागतं, आणि एकाच दिवसात, कधीकधी एकाच तासात माणूस इकडून तिकडे जाऊन येतो. ज्यांनी घरात हे पाहिलंय त्यांना हे सांगायलाच नको, आमच्याकडे बाबा गेल्यावर तिसऱ्या दिवशी आम्ही सगळे त्यांच्या घोरण्याची नक्कल करून पोट धरून हसलो होतो आणि हसता हसता आई उठून आत निघून गेली. माझ्या पहिल्या फिल्ममध्ये मी हे घेतलंच नव्हतं, बरं दिसणार नाही म्हणून.

म्हणून प्लॅन करताना पायऱ्या काढू नका, झोके काढा. एका कागदावर आडवी रेघ ओढा, वरच्या बाजूला "तिकडे" म्हणजे गेलेल्याकडे, खालच्या बाजूला "इकडे" म्हणजे जगण्याकडे, आणि तुमचा प्रत्येक सीन, नुसता सीन नाही तर सीनमधला प्रत्येक वळणाचा क्षण, वर आहे की खाली ते टिंबाने दाखवा. टिंबं जोडा. सरळ एकाच दिशेने जाणारी रेघ आली तर स्क्रिप्ट खोटी आहे, सगळी टिंबं वरच राहिली तर प्रेक्षक चौथ्या मिनिटाला मनाने बाहेर निघून जाणार.

एक गोष्ट पहिल्यापासून रचून बघू

नुसतं असं करा तसं करा सांगून काही होत नाही, म्हणून माझ्या दुसऱ्या फिल्मची गोष्ट कशी बनत गेली तेच सांगतो.

यादीत सतराव्या नंबरला मी लिहिलं होतं: बाबा पुस्तकात पेन्सिलीने लिहायचे. लायब्ररीच्या पुस्तकातसुद्धा. समासात "चूक", "हे कसं काय?", "वा!" असं, आणि आई ओरडायची. बास, एवढंच. आता यात गोष्ट कुठे आहे? गेलेल्या माणसाचं अक्षर पुस्तकात सापडणं आणि हुंदका येणं हा फार तर एक क्षण झाला, तो बऱ्याच जणांनी वापरलेलाही आहे. मी स्वतःला विचारलं की या अक्षराचं कोणाला काय *करावं लागेल*? आणि मग सुचलं की पुस्तक लायब्ररीचं आहे, ते परत करायचंय, आणि लायब्ररीतल्या मॅडम म्हणतात, पेन्सिलीच्या खुणा खोडून द्या, तशा घेता येणार नाहीत.

म्हणजे गोष्टीतल्या मुलीला गेलेल्या माणसाचं अक्षर स्वतःच्या हाताने खोडायचंय. पुढच्या वाचकाने पुस्तक राखून ठेवलंय, त्यामुळे मुदतवाढ नाही. लायब्ररी बंद व्हायला पाऊण तास आहे. इथे एकदम सगळं जागेवर आलं. एक माणूस, एक काम, एक अडचण, एक घड्याळ, एक खोली. मॅडम वाईट नाहीत, त्यांना काही माहीतच नाही, आणि हे फार महत्त्वाचं आहे, अशा गोष्टीत व्हिलन आणला की दुःख बाजूला राहतं आणि भांडणच उरतं.

बाबांच्या जागी मी मोठा भाऊ घेतला आणि माझ्या जागी धाकटी बहीण. हे मुद्दाम केलं. स्वतःची गोष्ट जशीच्या तशी लिहिली की आपण प्रत्येक गोष्टीला "पण खरंच असं झालं होतं" म्हणून चिकटून बसतो आणि कोणी कट कर म्हटलं की जिवावर येतं. वय, नातं, मुलगा की मुलगी, यातलं निदान एक तरी बदला. भावना तीच राहते, हात मात्र मोकळा होतो.

मग झोके. ती रीडिंग रूमच्या टेबलाशी बसते, खोडरबर मागून घेते. पहिल्या खुणा नुसत्या रेघा आहेत, त्या ती पटापट खोडते, जवळजवळ रागाने, हे झालं "इकडे". मग पहिला शब्द येतो, "बोअर", आणि तिला हसू फुटतं, कारण दादाला सगळंच बोअर व्हायचं, शेजारचा मुलगा मान वर करून बघतो. हसता हसता ती तो शब्द खोडते आणि अर्धा खोडल्यावर थांबते, आता पानावर फक्त "बो" उरलंय. आता एकदम "तिकडे". इथे मी काहीही रडणं लिहिलं नाही. तिने रबराचा चुरा फुंकून उडवायला तोंड जवळ नेलं आणि फुंकलंच नाही, तो तळहाताने गोळा करून टेबलाच्या कडेला छोटा ढीग लावला, इतकंच लिहिलं. त्यानंतर ती प्रत्येक पानाचा चुरा त्याच ढिगात आणून ठेवते. प्रेक्षकाला काही समजावून सांगावं लागत नाही.

शेवटची खूण पान एकशे बाराला. तिथे त्याने लिहिलंय "हे कसं काय?" आणि त्याच्यापुढे पुस्तक कोरं आहे, म्हणजे तो तिथवरच वाचू शकला. पहिल्या ड्राफ्टमध्ये ती हे पान फाडून घेऊन जायची. वाचून दाखवलं तेव्हा एक मैत्रीण म्हणाली, मग ती बरी कुठे झाली, ती तर चोरी करून पळाली. खरं होतं तिचं. दुसऱ्या ड्राफ्टमध्ये ती तेही खोडायची आणि पुस्तक द्यायची, ते फार कोरडं झालं, शिक्षा भोगल्यासारखं. तिसऱ्यात ती पुढची पानं वाचायला लागते. पहिल्यांदाच ती पुस्तक *वाचते*, इतका वेळ नुसतं त्याचं अक्षर शोधत होती. दिवे मालवायला लागतात. दोन-चार पानांवर तिला उत्तर सापडतं, ती मागे येते, शेजारच्या मुलाची पेन्सिल मागते आणि "हे कसं काय?" च्या खाली बारीक अक्षरात उत्तर लिहिते. काय लिहिते ते दिसत नाही. पुस्तक काउंटरवर. मॅडम पानं चाळतात, एकशे बारावर थांबतात, तिच्याकडे बघतात, पुस्तक मिटतात आणि शिक्का मारतात.

आता यात "बरं होणं" कुठे आहे ते बघा, कारण खरा घोळ इथेच होतो.

बरं होणं म्हणजे विसरणं नाही

बऱ्याच स्क्रिप्ट्समध्ये रिकव्हरी म्हणजे निरोप. अस्थी, पत्र, फुगा, काहीतरी सोडून द्यायचं आणि पाठमोरं चालत जायचं. एक काळ होता जेव्हा मानसशास्त्रातही असंच मानायचे की गेलेल्या माणसापासून मन पूर्ण सोडवून घेतलं की माणूस सावरला. १९९६ मध्ये डेनिस क्लास, फिलिस सिल्व्हरमन आणि स्टीव्हन निकमन यांनी या समजुतीला सरळ आव्हान दिलं, त्यांचं म्हणणं की नातं संपत नाही, नात्याचं रूप बदलतं, आणि ते चालू राहणं हे आजारपण नाही. तुमच्या शेवटासाठी यापेक्षा कामाचं काही नाही. "तिने सोडून दिलं का?" हा प्रश्न विचारायचाच नाही. "सुरुवातीला ती ज्या प्रकारे त्याला धरून होती आणि शेवटी ज्या प्रकारे धरून आहे, यात फरक काय?" हा विचारायचा. वरच्या गोष्टीत सुरुवातीला ती त्याचं अक्षर जपतेय, शेवटी त्याच्याशी बोलतेय. फरक एवढाच, आणि आठ मिनिटांच्या फिल्मला एवढा पुरतो. आठ मिनिटांत कोणी पूर्ण सावरत नाही, तसं दाखवलं की बघणाऱ्याला फसवल्यासारखं वाटतं.

करून बघायची सोपी युक्ती सांगतो. फिल्मच्या सुरुवातीला आणि शेवटी पात्राला एकच कृती करायला द्या, तीच वस्तू, शक्य असेल तर तीच फ्रेम, फक्त करण्याची पद्धत थोडी वेगळी. पहिल्यांदा दार ढकलून आत येते, शेवटी दार हळू लावून घेते. माझ्या फिल्ममध्ये ती पहिल्या शॉटला पुस्तक छातीशी धरून आत येते, शेवटी हात मोकळे सोडून बाहेर पडते. त्यावर डायलॉग नको.

"सहा महिन्यांनंतर" अशी पाटी टाकून हसरं पात्र दाखवायचा मोह टाळा. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात लांबलेल्या शोकाला आजार म्हणायला निदान सहा महिने जावे लागतात, अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या २०२२ च्या नियमावलीत मोठ्या माणसांसाठी ही मर्यादा बारा महिने आहे, आणि नुसते महिने उलटून भागत नाही, त्यामुळे रोजचं जगणंच अडलेलं असावं लागतं. म्हणजे तुमचं पात्र चौथ्या महिन्यात कोलमडत असेल तर ते अगदी नॉर्मल माणूस आहे, त्याला "आता पुढे जायला हवं" म्हणून भाषण देणारा मित्र लिहू नका. आणि लिहायचाच असेल तर तो चुकतोय हे तुम्हाला तरी माहीत असू द्या.

फ्लॅशबॅकबद्दल थोडक्यात: शॉर्ट फिल्ममध्ये शक्यतो घेऊ नका. गेलेला माणूस पडद्यावर हसताना दिसला की तो परत आला, मग त्याची उणीव कशी जाणवणार? माझ्या दादाला एकही शॉट नाही, तो फक्त समासात आहे, आणि बघणाऱ्या प्रत्येकाने त्याचा चेहरा आपापला बनवून घेतला. व्हॉइसओव्हरचंही तेच, आधी तो पूर्ण काढून स्क्रिप्ट वाचा, गोष्ट कळत असेल तर तो लागत नव्हता.

कागदावरून शूटिंगकडे

लिहितानाच एक हिशोब लक्षात ठेवा. स्क्रिप्टचं एक पान म्हणजे साधारण एक मिनिट असं म्हणतात, पण डायलॉग कमी असले की हा हिशोब कोसळतो. "ती पान खोडते" या तीन शब्दांना पडद्यावर चाळीस सेकंद लागू शकतात. म्हणून घरी बसून सगळी स्क्रिप्ट स्वतः करून बघा, खरंच खोडा, खरंच पानं उलटा, आणि फोनवर स्टॉपवॉच लावा. माझी साडेतीन पानांची स्क्रिप्ट नऊ मिनिटांची निघाली.

चेहऱ्यावर फार भार टाकू नका. साधारण शंभर वर्षांपूर्वी लेव्ह कुलेशोव्ह या रशियन दिग्दर्शकाने एकाच ॲक्टरचा तोच निर्विकार क्लोजअप एकदा सूपच्या वाटीला, एकदा शवपेटीला, एकदा एका बाईच्या शॉटला जोडला, आणि प्रेक्षकांना प्रत्येक वेळी चेहऱ्यावर वेगळी भावना दिसली असं सांगतात. नवशिक्या ॲक्टरबरोबर काम करताना हे वरदान आहे. त्याला "दुःखी दिस" सांगू नका, "या पानावरच्या खुणा मोज" असं सांगा आणि चेहरा घ्या, बाकीचं काम दोन शॉट जोडणारा कट करेल. म्हणून शॉट लिस्ट करताना प्रत्येक क्लोजअपच्या शेजारी तो कशाला जोडला जाणार ते लिहूनच ठेवा, पात्र काय बघतंय तो शॉट विसरला तर एडिटला बसल्यावर डोकं धरायची वेळ येते.

वस्तू हीच तुमची मुख्य पात्र असेल तर तिचं प्लॅनिंग ॲक्टरइतकंच करा. माझ्याकडे खोडायचं काम होतं, आणि खोडलेलं परत येत नाही, रीटेक म्हटला की पान परत लिहायला लागणार. म्हणून एकाच पुस्तकाच्या तीन जुन्या प्रती गोळा केल्या, लायब्ररीची खरी प्रत वापरली नाही. सगळ्या खुणा एकाच माणसाने, एकाच पेन्सिलीने केल्या आणि प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवला, म्हणजे तेच अक्षर त्याच जागी परत लिहिता येईल. कॅमेऱ्यात छापील मजकूर वाचता येण्याइतका जवळून दिसणार होता, म्हणून कॉपीराइट संपलेलं पुस्तक घेतलं. रबराच्या चुऱ्याचा ढीग प्रत्येक सेटअपला वाढत जायला हवा, त्यासाठी वेगवेगळ्या आकाराच्या पुड्या बांधून त्यावर सीन नंबर टाकले होते, आणि फॅन बंद, हे कॉल शीटवरच, म्हणजे त्या दिवसाच्या शूटिंगच्या सूचनांच्या कागदावरच लिहिलं होतं. खोडण्याचे शॉट गोष्टीच्या क्रमानेच शूट केले, वेळ जास्त लागला पण कंटिन्युइटी सांभाळली गेली आणि ॲक्टरलाही ढिगाबरोबर चढत जाता आलं.

खिडकीतून उजेड येत असेल तर तो किती वाजता कुठे पडतो ते आदल्या दिवशी तासातासाला फोटो काढून बघा. आणि आवाज, आवाजाकडे खरंच लक्ष द्या. शांत फिल्ममध्ये साउंड हाच डायलॉग असतो. लोकेशन सोडायच्या आधी सगळ्यांना गप्प उभं करून त्या खोलीचा निदान एक मिनिट रूम टोन, म्हणजे कोणी बोलत नसतानाचा तिथला आवाज, रेकॉर्ड करा, आणि खोडरबर कागदावर घासल्याचा, पान उलटल्याचा, पेन्सिल टेबलावर ठेवल्याचा आवाज माइक जवळ नेऊन वेगळा घ्या. म्युझिक मी फिल्म पूर्ण एडिट होईपर्यंत टाकलंच नाही, आणि टाकून बघितल्यावर काढून टाकलं. पियानो आला की प्रेक्षकाला "आता रडा" अशी सूचना मिळते आणि तो मागे सरकतो.

माणसांची काळजी

कास्टिंगच्या वेळी ॲक्टरला गोष्ट पूर्ण सांगा आणि विचारा की यातलं काही तुझ्या फार जवळचं आहे का. कोणाच्या घरात नुकतंच काही झालं असेल तर "छान, भावना खरी येईल" असा विचार मनातही आणू नका. तो माणूस स्वतःहून करतो म्हणाला तरी थांबायचा एक शब्द आधी ठरवून ठेवा, तो शब्द आला की कॅमेरा बंद, कोणी का म्हणून विचारायचं नाही. सगळ्यात जड सीन दिवसाच्या शेवटी, सगळे दमलेले असताना ठेवू नका, सकाळी दुसरा किंवा तिसरा ठेवा, आणि त्यानंतर एखादा हलका शॉट असू द्या. त्या सीनला सेटवर लागतील तेवढीच माणसं.

गोष्टीत आत्महत्या असेल तर जास्त जपून. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये फिल्म आणि नाटकवाल्यांसाठी याच विषयावर एक मार्गदर्शिका काढलीय, ती लिहायच्या आधी वाचा. थोडक्यात, ती कृती आणि पद्धत दाखवू नका, एकच कारण देऊन मोकळे होऊ नका, ती सुटका आहे असा सूर लागू देऊ नका, आणि मदत मागणारी, मदत मिळून सावरणारी माणसं दाखवा. तुमचा विषय मागे राहिलेल्यांचा आहे, तर कॅमेरा त्यांच्याबरोबरच राहू द्या.

आणि लिहिता लिहिता तुमचंच काही उघडं पडायला लागलं, झोप जायला लागली, तर स्क्रिप्ट बाजूला ठेवा आणि कोणाशी तरी बोला, मित्राशी, घरच्यांशी, काउन्सेलरशी. सबमिशनची तारीख पुढे ढकलता येते किंवा दुसरा विषय घेता येतो. मी पहिली फिल्म लिहिताना हे केलं नाही आणि शूटिंगच्या दुसऱ्या दिवशी सेटवरून उठून निघून गेलो होतो, सगळं युनिट तीन तास थांबलं.

शेवटचं काम एडिट लॉक करायच्या, म्हणजे आता यात बदल नाही असं ठरवायच्या, आधीचं. फिल्म आधी अशा दोघा-तिघांना दाखवा ज्यांना तुमच्याबद्दल काहीच माहीत नाही, आणि फक्त दोनच प्रश्न विचारा, काय झालं ते सांगा, आणि कुठे कंटाळा आला. आवडली का असं विचारू नका. त्यानंतर ज्यांच्या आयुष्यातून तुम्ही गोष्ट उचललीय त्यांना दाखवा, एकटं, घरी, आणि त्यांनी एखादी गोष्ट काढ म्हटलं तर वाद न घालता काढा. मी आईला लॅपटॉपवर दाखवली. भाऊ-बहिणीची गोष्ट आहे असं आधीच सांगून ठेवलं होतं. पाहून झाल्यावर ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, एकशे बारा नंबरचं पान परत दाखव. दाखवलं. म्हणाली, त्यांचा "ह" असा नव्हता रे, खालची शेपटी ते डावीकडे लांब ओढायचे. मी पेन्सिल आणून दिली, तिने कागदावर चार वेळा काढून दाखवला, आणि पुढच्या रविवारी आम्ही तिसरी प्रत उघडून तो एक इन्सर्ट, म्हणजे पानाचा जवळून घेतलेला शॉट, परत शूट केला, अक्षर या वेळी तिचं.